कप्तान एक, टोळी दहाची: 'वन पीस'वेड्या मुलाचा वाढदिवस कसा आखावा

चाच्यांची पार्टी म्हटलं की मोठी माणसं डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्या, हाताला लावायचे आकडे आणि प्लास्टिकच्या तलवारी आणायला धावतात. घरातलं मूल 'वन पीस' या चाच्यांवरच्या जपानी मालिकेचं वेडं असेल तर ते सगळं दुकानातच राहू द्या. त्यातला कप्तान लुफी लाल बंडी, निळी अर्धी चड्डी, पायात साध्या सपाता आणि डोक्यावर लाल पट्टीची गवती टोपी एवढ्यावर समुद्र पालथे घालतो. डोळ्यावर पट्टी बांधून दारात उभा असलेला काका बघून मुलं तोंडावर काही बोलत नाहीत, पण 'यांनी बघितलेलंच नाहीये' हे त्यांना तिथेच कळतं.

मी आत्या आहे, आणि आमच्याकडच्या वाढदिवसांचं खटलं माझ्याच गळ्यात असतं. भाच्याला सोबत म्हणून ही मालिका बघायला बसले आणि तो झोपायला गेल्यावरही बघत राहिले. तरी एक सांगते, पार्टीच्या आधी सगळं बघून टाकू असा विचार मनात आणू नका. १९९७ पासून चित्रकथा चालू आहे, १९९९ पासून ॲनिमे (तिच्यावरची जपानी ॲनिमेशन मालिका), आणि भाग हजाराच्या वर गेलेत. जहाजावर कोण कोण आहे आणि कोणाचं काम काय, एवढं माहीत असलं की भागतं. झोरो तलवारबाज, नामी दिशा आणि नकाशे बघणारी, उसोप नेमबाज, सांजी आचारी, चॉपर डॉक्टर (हा रेनडिअर आहे), रॉबिन जुन्या लिपी वाचणारी, फ्रँकी जहाज बांधणारा, ब्रूक वादक (हा चक्क सांगाडा आहे) आणि जिंबे सुकाणू सांभाळणारा. लुफी धरून दहा.

आता मुद्द्याची गोष्ट. सुरुवातीच्या एका लढाईत लुफी आर्लाँग नावाच्या खलनायकाच्या तोंडावर सांगतो की मला तलवार चालवता येत नाही, जहाज कुठे न्यायचं ते कळत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटंही बोलता येत नाही. सोबत्यांनी मदत केली नाही तर मी जगूच शकणार नाही. नायकाने हे छाती फुगवून सांगावं, हे मला फार आवडलं. पार्टीची आखणीही मी यावरूनच करते: येणाऱ्या प्रत्येक मुलाला जहाजावर एक काम द्यायचं, आणि ते काम केल्याशिवाय जहाज पुढे जाता कामा नये. असं केलंत की सजावट निम्मी झाली तरी पार्टी रंगते. हे केलं नाहीत, तर कितीही फुगे लावा, अर्ध्या तासात चार मुलं सोफ्यावर उड्या मारताना आणि दोन मुलं कोपऱ्यात कंटाळलेली दिसतील.

कोणाला बोलवायचं, कोणाला कोण करायचं

दहा मुलं हा माझ्या मते उत्तम आकडा. पाच-पाचच्या दोन टोळ्या होतात. बारापर्यंत निभावतं, त्यापुढे कोणाला काय काम दिलंय ते तुम्हालाच आठवत नाही. दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि ते माणूस फोनवर फोटो काढण्यात गुंतलेलं नसावं. वय सात ते अकरा असेल तर खाली दिलेलं सगळं जमतं. त्याहून लहान मुलं असतील तर खेळ निम्मे करा. वेळ अडीच तास, खाण्यासकट.

सगळ्यांनाच लुफी व्हायचं असतं. यावर तोड एकच: कोणीच लुफी नाही. कोणी झोरो नाही, कोणी नामी नाही. प्रत्येक मूल आपल्या स्वतःच्या नावानेच चाचा, फक्त हुद्दा जहाजावरचा. 'नेमबाज', 'डॉक्टर', 'आचारी', 'लिपी वाचणारी', 'नकाशावाला'. उत्सवमूर्ती एका टोळीचा कप्तान, दुसऱ्या टोळीचं कप्तानपद चिठ्ठी टाकून. याचा आणखी एक फायदा असा की ज्या मुलांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनाही काही अडत नाही, आणि अशी मुलं निम्मी तरी निघतातच. म्हणूनच मालिकेवरची प्रश्नमंजुषा अजिबात ठेवू नका. ती दोन-तीन जाणकारांची चढाओढ होते आणि बाकीचे तोंडं बघत बसतात. जाणकारांना त्यापेक्षा 'ही गोष्ट मालिकेत कशी होते ते सगळ्यांना सांग' असं काम द्या, ते खूश आणि तुमचा घसाही वाचतो.

कोणाला कोणतं काम द्यायचं हे उत्सवमूर्तीला विचारा जरूर, पण यादी स्वतःच्या हातात ठेवा. या आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालंय त्याला हमखास भांडी घासायचं काम मिळतं.

आणखी एक, जरा मोठ्यांच्या कानात सांगायचं: मालिका मुलांमध्ये लोकप्रिय असली तरी त्यात मारामारी, रक्त आणि काही पात्रांचे तोकडे कपडे आहेत. सगळ्या घरांतून ती बघायला परवानगी असतेच असं नाही. छापायची चित्रं निवडून घ्या आणि पार्टीत पडद्यावर भाग लावून ठेवू नका. तसाही पडदा चालू झाला की खेळ संपतो.

आमंत्रण म्हणजे इनामाचं पोस्टर

मालिकेत प्रत्येक चाच्याच्या डोक्यावर सरकारने इनाम लावलेलं असतं आणि त्याची पोस्टरं सगळीकडे फडकत असतात. पिवळट कागद, वर मोठ्या अक्षरात 'वाँटेड', मध्ये फोटो, खाली नाव आणि रक्कम. मूळ पोस्टरवर 'जिवंत किंवा मृत' असतं. ते गाळा आणि तिथे तारीख, वेळ, पत्ता टाका. येणाऱ्या मुलाचा हुद्दाही तिथेच लिहा, म्हणजे मूल घरूनच डॉक्टर होऊन येतं. चेहऱ्याचा फोटो त्यांच्या आईबाबांकडून मागवा, दात विचकलेला किंवा भुवया चढवलेला असला तर उत्तम.

कागद जुना दिसायला हवा, त्यासाठी चहा. ग्लासभर पाण्यात चार-पाच चमचे चहापत्ती चांगली उकळा, गाळा, पूर्ण गार करा. रुंद ब्रशने कोऱ्या कागदावर एक हात मारा. कुठे जास्त, कुठे कमी, मध्येच एखादा थेंब तसाच साचू द्या; एकसारखा रंग आला तर तो जुना कागद न दिसता नुसता पिवळा कागद दिसतो. सपाट जागी वाळवा, मग जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. छपाई यानंतर. घरच्या शाईच्या प्रिंटरवर आधी छापून मग चहा लावलात तर शाई ओघळून लुफीचा राक्षस होतो. आणि कडा मेणबत्तीवर जाळायच्या नादी लागू नका. ओल्या ब्रशने कडेला रेघ मारून त्या रेघेवर कागद हाताने फाडा, त्याहून छान दिसतं.

रकमेचं काय? मुलं सगळ्यात आधी आकडाच बघतात आणि लगेच एकमेकांचे आकडे ताडून बघतात. म्हणून सगळ्यांना एकच रक्कम द्या: ३ कोटी बेरी. बेरी हे तिथलं चलन, आणि लुफीला लागलेलं पहिलं इनाम एवढंच होतं. पुढे त्याचं इनाम वाढत वाढत ३०० कोटींवर गेलं. मुलांचंही वाढणार आहे, पण ते पार्टीच्या शेवटी. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याचंही पोस्टर करा आणि त्यावर फक्त ५० बेरी लिहा. बिचाऱ्या चॉपरला सरकार टोळीचा पाळीव प्राणी समजतं म्हणून त्याच्यावर पहिलं इनाम तेवढंच लागलं होतं. माहीतगार मुलं हे वाचून गडाबडा लोळतात.

टोप्या

टोपी प्रत्येकाला हवी, नाहीतर एकाच टोपीवरून दिवसभर ओढाताण होते. विकत मिळणाऱ्या गवती टोप्या बहुतेक मोठ्यांच्या मापाच्या असतात, मुलांच्या नाकावर येतात. मी कागदी ताट आणि कागदी वाडगा यांची करते. मोठं ताट घ्यायचं, वाडगा त्यावर पालथा ठेवून पेन्सिलने गोल काढायचा, आणि त्या गोलाच्या बोटभर आतून कापायचं. जी बोटभर कड उरली तिच्यावर वाडग्याचा काठ गोंदाने बसवायचा. वर पिवळा रंग. तो अर्धवट ओला असतानाच जुन्या दात घासायच्या ब्रशने गोलाकार रेघा ओढल्या की गवत विणल्यासारखं दिसतं. लाल पट्टी कागदाची नको, कापडाची किंवा रिबिनीची लावा, साधारण चार सेंटीमीटर रुंद, कारण तिच्यामुळे जोडही झाकला जातो. दोन्ही बाजूंना भोकं पाडून इलॅस्टिक ओवा. लुफीची टोपी लढताना पाठीवर लटकते, तशी मुलांनाही लटकवायची असते, त्यामुळे इलॅस्टिक जरा लांबच ठेवा. मात्र पळापळीच्या आणि चढाचढीच्या खेळात टोप्या काढून एका जागी ठेवायच्या, हा नियम सुरुवातीलाच सांगा. गळ्याभोवतीचं इलॅस्टिक कुठेही अडकू शकतं.

जहाज

एकच मोठी वस्तू करायची तर ती जहाज. त्यापुढे फुगे, झालरी, काळीपांढरी ताटं सगळं गौण आहे.

फ्रीज किंवा वॉशिंग मशीनची दोन खोकी मिळवा. वरची-खालची झाकणं कापून टाका, एका कोपऱ्यावरून खोकं उलगडा म्हणजे लांब पट्टी मिळते. दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडा. आता पुठ्ठ्यातल्या नळ्यांकडे नीट बघा. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये लाटांसारख्या ज्या नळ्या असतात त्या उभ्या राहतील असाच पुठ्ठा लावायचा. नळ्या उभ्या असल्या की भिंत वजनाला टिकते, आणि तिला गोलाईही सहज येते. आडव्या असल्या तर वाकवताना पुठ्ठा मोडतो. उंची मुलांच्या कमरेपर्यंत, साठ सेंटीमीटरच्या आसपास पुरे. पुढची दोन टोकं टोकदार जुळवून नाळ करायची, मागची बाजू सपाट. तळ ठेवूच नका. मुलं जमिनीवर उभी राहतात आणि जहाज त्यांच्याभोवती असतं, त्यामुळे फाटत नाही. एका बाजूला दारासारखी चीर द्या, नाहीतर पहिल्या मिनिटात कोणीतरी भिंतीवरून उडी मारतं. जोडांना आतून-बाहेरून रुंद चिकटपट्टी. पुठ्ठा कापायची सुरी मुलांच्या हातात द्यायची नाही. त्यांना रंग द्या, फळ्यांच्या रेघा ओढायला सांगा.

नाळेवरचं डोकं ही खरी ओळख. टोळीचं पहिलं जहाज गोइंग मेरी, त्यावर मेंढीचं डोकं. नंतरचं थाउझंड सनी, त्यावर सिंहाचं, आयाळ सूर्यफुलासारखी. माझा कौल मेंढीला. मोठा गोल फुगा, त्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यांचे गोंदात बुडवलेले तीन थर, वाळला की आतला फुगा फोडून काढायचा, पांढरा रंग, आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या कागदाची वळलेली शिंगं. यावर ज्यांनी मालिका मन लावून पाहिली आहे ते मूल येऊन हात फिरवतंच. मेरीचा शेवट बघून रडलेली मोठी माणसंही मला माहीत आहेत, त्यातली एक हे लिहिते आहे.

डोलकाठीला कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची लांब नळी, ती वाळू भरलेल्या बादलीत रोवायची. शीड म्हणजे जुनी पांढरी चादर. शिडावर निशाण मात्र आधी काढून ठेवू नका.

आल्या आल्या

मुलं एकदम येत नाहीत. पहिलं मूल आणि शेवटचं मूल यात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात दंगा सुरू झाला की मग तो आवरत नाही. म्हणून दारातच काम. प्रत्येक टोळीची चादर जमिनीवर पसरलेली, बाजूला जाड काळे पेन. मध्ये कवटी तुम्ही फिक्या पेन्सिलने काढून ठेवा, तिच्यावर टोपी हवी की चष्मा, मागे हाडं हवीत की बॅटी, हे टोळीने ठरवायचं. लुफीने स्वतः काढलेलं निशाण इतकं भयानक होतं की शेवटी उसोपने ते नीट काढून दिलं, ही गोष्ट सांगितलीत की चित्र न येणारं मूलही पेन हातात घेतं.

दुसरं काम मनगटाचं. मालिकेत एका देशाच्या लढाईत शत्रूकडे कोणाचाही चेहरा घेऊ शकणारा माणूस असतो. खरा सोबती ओळखता यावा म्हणून टोळीतले सगळे डाव्या हातावर फुलीची खूण करतात आणि वर कापड बांधतात. मुलांच्या डाव्या मनगटावर धुतल्यावर जाणाऱ्या रंगाने फुली काढा आणि पांढऱ्या कापडाची पट्टी सैलसर बांधा. त्यांच्या कानात सांगा की पट्टी कधी सोडायची ते मी सांगेन, तोवर कोणालाही दाखवायची नाही. एवढ्याने मुलं टोळीत सामील होतात. केक कापायच्या आधी सगळ्यांना रांगेत पाठमोरं उभं करून पट्ट्या सोडायला लावा आणि डावे हात वर. हा फोटो मालिका पाहिलेल्यांना लगेच कळतो, आणि चेहरा दिसत नसल्यामुळे लाजाळू मूलही मागे राहत नाही.

खजिन्याचा शोध

मालिकेतल्या समुद्रात साधं होकायंत्र चालत नाही. लॉग पोझ नावाचं काचेच्या गोळ्यातलं होकायंत्र मनगटावर बांधावं लागतं आणि ते फक्त पुढच्या बेटाची दिशा दाखवतं. शोध आखताना हेच वापरा: एका बेटावर फक्त पुढच्या बेटाचाच पत्ता. पाच बेटं पुरेत आणि प्रत्येक बेटावर टोळीतल्या एकाचं काम मुख्य, बाकीच्यांनी मदत करायची. दोन टोळ्या एकाच बेटावर आदळू नयेत म्हणून क्रम उलटसुलट ठेवा.

नेमबाजाच्या बेटावर गलोल नको, डोळ्यांशी खेळ नको. मोज्यांच्या जोड्या गुंडाळून गोळे करा आणि बादल्यांत टाकायला लावा. नेमबाज फेकणार, बाकीच्यांनी बादली हातात धरून पुढे-मागे सरकायचं. त्यामुळे नेम चुकला तरी झेलणारा वाचवतो आणि कोणाच्या नावाने शंख होत नाही.

डॉक्टरच्या बेटावर एक मोठं माणूस आडवं पडून कण्हत असतं. हे काम घरातल्या सगळ्यात नाटकी माणसाला द्या. क्रेप बँडेजने त्याचा पाय आणि हात बांधायचा, गाठ सुटली नाही की पुढचा पत्ता त्याच्या खिशातून बाहेर येतो.

आचारी पाय वापरणारा हवा, कारण सांजी लढताना हात वापरत नाही. हात स्वयंपाकासाठी राखून ठेवतो. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून फुगा पायांनी ढकलत खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टोपलीपर्यंत न्यायचा. फुगा फुटला तर तुकडे लगेच उचला, लहान भावंडं ते तोंडात घालतात आणि रबर घशात बसतं.

नकाशावाल्याच्या बेटावर झोरो आठवतो. तलवारीत टोळीतलं कोणी त्याचा हात धरू शकत नाही, पण सरळ रस्त्यावरही तो हरवतो. एका मुलाचे डोळे बांधायचे, जमिनीवर उशा मांडून वाट वाकडीतिकडी करायची, आणि नकाशावाल्याने फक्त आवाजाने त्याला पलीकडे आणायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि नकाशावाल्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. तलवारींचा विषय निघालाच आहे तर सांगते, झोरो तिसरी तलवार दातांत धरतो आणि मुलांना तेच करून बघायचं असतं. तोंडात कुठलीही कडक, लांब वस्तू धरून पळणं म्हणजे घशाला इजा. मी तलवारी ठेवतच नाही. फोटोपुरत्या हव्याच असतील तर मऊ फोमच्या ठेवा आणि फोटो झाला की वर कपाटावर.

लिपीचं बेट मला सगळ्यात आवडतं. मालिकेत जुन्या लिपीतले मोठमोठे दगड आहेत आणि ते फक्त रॉबिनला वाचता येतात. एका चौकोनी खोक्याला गडद निळा रंग द्या आणि त्यावर खडूने सांकेतिक शब्द लिहा. अख्ख्या बाराखडीची गुप्त लिपी करत बसलात तर मुलं वैतागतील. पाच-सहा अक्षरंच घ्या, म्हणजे क, प, ट, ल, ग, ब. प्रत्येकाला एक चिन्ह: क म्हणजे मासा, प म्हणजे नांगर, ट म्हणजे चंद्र. काना, मात्रा, अनुस्वार आहेत तसेच चिन्हाला लावायचे. 'कपाट' लिहायचं तर मासा, मग नांगर आणि त्याला काना, मग चंद्र. 'पलंग' असाच. चिन्हाला लागलेला काना बघून मुलांना शब्द भराभर सुचतो, आणि वाचता आल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो. किल्ली फक्त लिपी वाचणाऱ्या मुलाच्या हातात द्या, आणि तिची एक प्रत तुमच्या खिशात असू द्या.

अडकलेल्या टोळीसाठी गोगलगाय-फोन. त्या जगात फोन म्हणजे जिवंत गोगलगाय आहे आणि ती 'पुरु पुरु पुरु' अशी वाजते. रिकाम्या डब्यावर कागदाची वळलेली शंखी आणि दोन डोळे लावा, आत एक मोबाइल ठेवा. त्याला 'पुरु पुरु' अशीच रिंगटोन ध्वनिमुद्रित करून लावा. दुसऱ्या खोलीतून फोन करा आणि आवाज बदलून इशारा द्या. मी हे करते तेव्हा माझाच मोठा वेळ मजेत जातो.

आता हारजीत. मुलांना नौदल आणि चाचे असं वाटू नका, नौदल कोणालाच नको असतं. दोन्ही टोळ्या चाच्यांच्याच ठेवा, आणि प्रत्येकीला शेवटी नकाशाचा अर्धाच तुकडा आणि पेटीच्या दोन कुलपांपैकी एकाचीच किल्ली मिळू द्या. युती केल्याशिवाय पेटी उघडत नाही. मालिकेतही कट्टर चाचे गरज पडली की युती करतातच. आधी पोहोचलेल्या टोळीला मग दुसरीला मदत करायलाच लागते, आणि 'आम्ही जिंकलो'चा आरडाओरडा आपोआप विरतो.

दमायचा खेळ हवा असेल तर एकच सुचवते. जमिनीवर निळ्या चादरी किंवा निळ्या चिकटपट्टीने समुद्र आखा, मध्ये उशांची बेटं. चादर घसरते, म्हणून कडा जमिनीला चिकटवाच. निम्म्या मुलांना 'सैतानी फळ' खायला द्या. हे फळ खाल्लं की अचाट शक्ती मिळते पण पोहणं कायमचं जातं. लुफी असाच रबराचा झाला. फळ खाल्लेलं मूल समुद्रात पडलं की त्याने गळून पडायचं, आणि फळ न खाल्लेल्या सोबत्याने त्याला ओढून बेटावर आणायचं. कोणी बाद होत नाही. मुलं मुद्दाम पडतात, कारण ओढून नेलं जाण्यात मजा जास्त.

खाणं

खाण्यात कल्पकता कमी, हिशेब जास्त. कोणाला शेंगदाणा, दूध, अंडं चालत नाही हे आमंत्रणाबरोबरच विचारून घ्या. लुफीला मांस आवडतं, पण हाडाला धरून खायचं काहीतरी एवढाच त्याचा थाट आहे. काडीला गोळा लावलेला कुठलाही पदार्थ त्या जागी चालतो. चॉपरसाठी कापूसमिठाई, ती त्याची आवडती. सैतानी फळांसाठी संत्र्यांवर खायच्या रंगाने भोवरे काढा. संत्री तशीही जहाजावर शोभतात, कारण नामीने आपल्या घरची संत्र्यांची झाडं जहाजावर लावली आहेत. आणि हे नुसतं सजावटीचं नाही. खऱ्या खलाशांच्या हिरड्या महिनोन्महिने ताजं फळ न मिळाल्याने सुजायच्या, दात पडायचे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन ते बरे होतात हे दाखवलं. तुमच्या पार्टीतल्या छोट्या डॉक्टरला हे सांगा, तो सगळ्यांना दटावून संत्री खायला लावतो.

केक म्हणजे टोपी. एक चपटा गोल केक, त्यावर ओव्हनमध्ये चालणाऱ्या वाडग्यात भाजलेला लहान घुमट. पिवळं क्रीम काट्याने ओरखडलं की गवत झालं. लाल पट्टी क्रीमची. कापायला सोपा, आणि वेडावाकडा झाला तरी टोपीच दिसतो. पाच वर्षांखालची भावंडं असतील तर द्राक्षं उभी चिरून द्या आणि पॉपकॉर्न त्यांच्या हाती लागू देऊ नका.

जाताना

परतभेट म्हणून प्लास्टिकच्या पुड्या नकोत. टोपी डोक्यावर आहेच. पेटीतून सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी सारखी वाटून घ्या. आणि नवीन पोस्टर. मालिकेत मोठं धाडस केलं की इनाम वाढतं आणि नवं पोस्टर निघतं. आमंत्रणाच्या वेळीच प्रत्येकाच्या दोन प्रती छापा, दुसऱ्या प्रतीवर रकमेची जागा कोरी सोडा. मुलं खात असताना एका मोठ्या माणसाने बाजूला बसून जाड पेनने आकडा भरायचा आणि खाली कारण लिहायचं: 'रुग्णाचा पाय इतका घट्ट बांधला की तो उठेचना', 'डोळे बांधलेल्या सोबत्याला एकदाही उशीवर आदळू दिलं नाही'. आकडे वेगवेगळे चालतील, पण अंकांची संख्या सगळ्यांची सारखी ठेवा. ९ कोटी आणि ११ कोटी यांत भांडण होतं, ४१ आणि ४७ मध्ये होत नाही. एकेकाचं नाव आणि कारण मोठ्याने वाचून पोस्टर हातात द्या. म्हणूनच खेळ चालू असताना खिशात चिठ्ठी-पेन्सिल ठेवा. कोणी काय केलं हे संध्याकाळी आठवत नाही, आणि 'छान खेळलास' असं लिहिलेलं पोस्टर मुलं दुसऱ्यांदा बघत नाहीत.

चहा लावलेला कागद कडक होतो आणि घडीवर तडकतो. घडी न घालता सैल गुंडाळी करा आणि लाल रिबिनीच्या उरलेल्या तुकड्याने बांधा.